डाव्या डोळ्यावरची चीर

फेब्रुवारी उजाडला की माझं डोकं फिरायला लागतं. घरच्यांना हे ठाऊक आहे. आंब्याला मोहोर येतो, पहाटेची थंडी काढता पाय घेते, डोंबिवलीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाची गाडी लागते, आणि मी विनाकारण कपाटाची दारं आपटते. लोकांना या दिवसांत वसंत दिसतो. मला फॉर्मालिनचा वास येतो. प्रॅक्टिकल परीक्षांचा मोसम सुरू झालेला असतो, आणि मी प्राणिशास्त्राची मास्तरीण असल्यामुळे कुठल्या ना कुठल्या कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून जायचं पत्र माझ्या टेबलावर येऊन पडलेलं असतं.

यंदाचं पत्र ठाण्याचं निघालं. मी जिथे शिकले त्याच कॉलेजचं. इतकी वर्षं मी ही नेमणूक टाळत आले होते. कधी पाठदुखी, कधी भाचीचं लग्न, एकदा तर चक्क कांजिण्या झाल्याचं कळवलं होतं, ज्या मला सातवीतच होऊन गेल्या होत्या. यंदा निमित्तं संपली. शिवाय वयाची पन्नाशी जवळ आली की माणसाला आपल्याच पळपुटेपणाचा कंटाळा येतो.

ज्यांनी शास्त्र शाखेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांना सांगायला हवं की या परीक्षेत स्पॉटिंग नावाचा एक प्रकार असतो. लांबलचक टेबलावर दहा वस्तू ओळीने मांडतात. बरणीतला मासा, काचेवरची पेशी, एखादं हाड. प्रत्येकीसमोर एक विद्यार्थी. एका मिनिटात ओळखायचं, नाव लिहायचं, कारण लिहायचं. बेल वाजली की पुढे सरकायचं. वस्तूमागे दोन मार्क. ऐकायला किती छान वाटतं! मुलं निरखून बघतात, विचार करतात, ओळखतात. प्रत्यक्षात असलं काहीही होत नाही. मुलं वस्तू ओळखत नाहीत, बरणी ओळखतात. झाकण मेणाने चिकटवलेली बरणी म्हणजे जळू. बुडाशी शाईचा डाग असलेली म्हणजे गोगलगाय. मागच्या वर्षीची मुलं पुढच्या वर्षीच्या मुलांना या खुणा परीक्षेच्या आठवडाभर आधी सांगून जातात, आणि ही गुरुशिष्य परंपरा आमच्या अभ्यासक्रमापेक्षा चोख चालते. एखाद्या बरणीचं झाकण बदललं तर अख्खा वर्ग नापास होईल.

तर त्या सकाळी मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत बसले होते. पंखा तोच, ओट्याच्या काळ्या फरशा त्याच. चहा आला. त्या विभागातला एक तरुण प्राध्यापक माझ्या जोडीला परीक्षक होता. बोलायला गोड, हातात घडी घातलेला रुमाल. त्याने मुलांच्या वह्यांचा, म्हणजे जर्नलांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी सह्या करत पानं उलटत होते. एका पानावर तीन कवट्या काढल्या होत्या. बदक, गूज आणि स्वान. मराठीत आपण गूजला आणि स्वानला सरसकट हंस म्हणून मोकळे होतो, म्हणून मी इथे परीक्षेतलीच नावं वापरते. अंगणात पाळतात तो आडदांड, माणसांच्या अंगावर धावून जाणारा पक्षी म्हणजे गूज. चित्रांत तळ्यावर दिसतो तो लांब मानेचा म्हणजे स्वान.

स्वानच्या कवटीखाली लक्षणं लिहिली होती. पहिलंच लक्षण होतं, डाव्या डोळ्याच्या खोबणीवर तिरकी चीर. चित्रात बाण काढून ती चीर दाखवली होती.

मी दुसरी वही उघडली. तिथेही तेच. तिसरीत तेच. एका मुलीने तर मऊ पेन्सिलने ती चीर इतकी सुरेख छटा देऊन काढली होती की मला तिच्या हाताचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी माझे कान तापले.

"सर, ही चीर काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, स्वान ओळखायचं लक्षण आहे ते. नोट्समध्ये आहे."

"कुणाच्या नोट्समध्ये?"

"आधीपासून चालत आलेल्या आहेत, मॅडम. आम्हाला पण अशाच मिळालेल्या."

"जगातल्या झाडून सगळ्या स्वानांना डाव्या डोळ्यावर चीर असते? उजव्यावर नाही? आणि ती त्यांना कोण पाडून देतं?"

तो नम्रपणे हसला. मला हसू आलं नाही. कारण ती चीर कशी पडली ते मला माहीत होतं. ती ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका अंगणाच्या लोखंडी फाटकाने पाडली होती, आणि ज्याला ती पडली त्याचं नाव फौजदार होतं.

आजचं दिवा पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तिथे तेव्हा भातखाचरं होती आणि गावाच्या कडेला एक तळं होतं. माझी बाकावरची शेजारीण वैशाली त्या तळ्याकाठी राहायची. घर आगरी, शेतीवाडीचं. मी ठाण्यातल्या कोपरीच्या चाळीतली, स्टेशनच्या भोंग्यांवर वाढलेली. मला चिमणी-कावळ्यापलीकडे पक्षी माहीत नव्हते आणि मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. वैशालीला बदकाचं अंडं हातात घेऊन ते किती दिवसांचं आहे ते सांगता यायचं. वर्गात सर पाणपक्ष्यांची चोच शिकवत तेव्हा ती माझ्या कानात पुटपुटायची, "अगं, खोटंय ते. बदक चावत नाही, गाळतं. मी रोज बघते ना."

फौजदार तिच्या घरचा गूज. पांढरा, नारिंगी चोचीचा, आणि कपाळावर चोचीच्या मुळाशी एक टेंगूळ. त्याच्या जातीतल्या नरांना ते तसं असतंच. नाव तिच्या आईने ठेवलं होतं आणि ते शोभायचं. फाटकातून अनोळखी पाऊल पडलं की मान जमिनीला समांतर करून तो फूत्कारत यायचा. मला त्याने पहिल्याच भेटीत पोटरीला धरलं. सलवारीवर दोन ओळींत बारीक करवतीसारख्या खुणा उमटल्या आणि वैशाली आनंदाने ओरडली, "बघ बघ! हे दात बघ! पुस्तकात कुठे आहेत हे?" माझं रक्त निघतंय का ते तिने नंतर पाहिलं.

एकदा वाऱ्याने फाटक आपटलं आणि त्याची कडी फौजदाराच्या डाव्या डोळ्यावर बसली. वैशालीच्या आईंनी हळद दाबली, दोन दिवस त्या त्याला मांडीवर घेऊन बसल्या. जखम भरली. पण त्यानंतर रोज सकाळी तो आधी त्या फाटकावर फूत्कारायचा आणि मगच तळ्यावर जायचा. राग धरावा तर असा, असं मला हल्ली वाटतं. मला तो जमला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तो गेला. म्हातारा झाला होता. आमचं त्याच वर्षी एक सबमिशन होतं, प्रत्येकाने एक हाड किंवा कवटी साफ करून विभागाला द्यायची. बहुतेक मुलं खाटकाकडून कोंबडीचं डोकं आणत. वैशालीने आईला विचारलं तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले होते.

"आई, मना त्याचा डोका पायजे. कालेजात द्यायला."

आई त्याला पुरायला खड्डा खणत होत्या, तो अर्धाच झाला होता. त्यांनी कुदळ खाली ठेवली. "येरी झायलीस काय गो? त्याचा डोका शिजवशील तू?"

"शिकायला लागतो, आई. पोरां बगतील, शिकतील."

आई त्याच्याजवळ खाली बसल्या. मग त्यांनी पदराने त्याचं डोकं पुसलं. "ने," म्हणाल्या. "पन नाव बराबर लिवा त्याचा. कोनीपन कोनाचा पन डोका बोलाचा नाय."

आम्ही दोघींनी मिळून ते काम केलं. मागच्या पडवीत तीन विटांवर जुना टोप, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा. उकळी फुटू द्यायची नाही, नुसती वाफ धरायची, नाहीतर बारीक हाडं सुटतात. चोचीवरचं नारिंगी आवरण मोज्यासारखं निघून आलं. मी टूथब्रशने खोबणी साफ केल्या, तिने सुईने मेंदूची पोकळी. शेवटी औषधाच्या दुकानातून आणलेल्या पेरॉक्साइडमध्ये दोन दिवस. बाहेर निघाली ती दुधासारखी पांढरी, हलकी कवटी, आणि तिच्या डाव्या खोबणीवर ती भरून आलेली चीर. मी तिच्यावरून बोट फिरवलं होतं. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. मी बोट फिरवलं होतं.

आता एवढं सांगते आहे तर तीन कवट्यांतला फरकही सांगून टाकते, कारण तो कळायला पदवी लागत नाही. तिघांच्याही खालच्या जबड्याला मागे विळ्यासारखा वर वळलेला काटा असतो. तेवढ्यावरून ही एकाच घरातली मंडळी आहेत हे कळतं. पण बदकाची चोच चमच्यासारखी पसरट, चिखलपाणी गाळायला. गूजची मुळाशी उंच आणि पुढे निमुळती, गवत उपटायला जोर मिळावा म्हणून. स्वानची लांब आणि रुंद, पाण्याखालचं ओढून काढायला. गूजची कवटी माझ्या ओंजळीत मावते. स्वानची जवळजवळ वीतभर भरते. चित्रातल्या स्वानच्या चोचीवरही टेंगूळ दिसतं खरं, पण ते मांसाचं. हाडावर त्याचा उंचवटा राहत नाही. फौजदाराचं टेंगूळ हाडात होतं. बस. एवढंच आहे. एक फूटपट्टी आणि दोन डोळे पुरतात.

आमच्या विभागप्रमुखांकडे दोन्ही होतं, फक्त वेळ नव्हता. कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. संग्रहाच्या रजिस्टरात "स्वान, कवटी, एक" अशी नोंद होती आणि कपाटात स्वान नव्हता. कधी होता की नाही देव जाणे. गूजची एक कवटी आधीच होती, बिनटेंगळाची, मादीची. मग वैशालीची ती सुबक, पांढरीशुभ्र कवटी सरांच्या नजरेस पडली. टेंगूळ दिसलं, पुस्तकातलं चित्र आठवलं, आणि एका दुपारी तिच्या पाटीवर सुंदर अक्षरात "स्वान" लिहून झालं.

वैशाली सरांकडे गेली. "सर, हा गूज आहे. आमच्या घरचा."

"अगं हो, माहितीये मला," सर हसून म्हणाले. "समिती जाऊ दे. मग बदलू."

समिती आली, बिस्किटं खाल्ली, गेली. पाटी राहिली. मला त्या सरांचा आजही जितका राग येतो तितका कुठल्या लबाड माणसाचाही येत नाही. लबाड माणसाला आपण लबाडी करतोय हे कळत असतं. सरांना ती सोय वाटली. आपल्याकडे अशा सोयींवरच सगळं चाललेलं असतं. समिती जाऊ दे, ऑडिट होऊ दे, सत्र संपू दे. आणि जी गोष्ट चार दिवसांसाठी खोटी लिहिलेली असते ती पुढे लोक पाठ करायला लागतात.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली. असाच फेब्रुवारी, खिडकीबाहेर असाच मोहोर. टेबलावर आठव्या क्रमांकाला फौजदार मांडलेला होता. पाटी उलटी करून ठेवली होती. वैशाली माझ्या एक जागा पुढे होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हसलीच. मग भराभर लिहिलं. बेल वाजली, ती पुढे गेली, मी तिच्या जागी आले.

माझ्यासमोर फौजदार होता. मी त्याच्या खोबणी टूथब्रशने घासल्या होत्या. माझ्या पोटरीवर त्याचे दात उमटले होते. आणि मी उत्तरपत्रिकेवर इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात स्वान लिहिलं. अपेक्षित उत्तर काय आहे ते मला माहीत होतं ना. हुशार होते मी.

पेपर तिथल्या तिथे तपासत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वैशालीच्या आठव्या उत्तरावर फुली मारली तेव्हा ती उठून उभी राहिली. "सर, तो गूजच आहे."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटी चुकलीय, सर. ते डोकं मी दिलंय. मी स्वतः साफ केलंय. तुम्ही लांबी मोजा ना."

परीक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी खिडकीकडे पाहिलं. मग परीक्षक आम्हा सगळ्यांना म्हणाले, "आणखी कुणी गूज लिहिलंय का?"

वैशालीने वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. मी हात वर करणार याची तिला इतकी खात्री होती की तिच्या चेहऱ्यावर काळजीसुद्धा नव्हती. मी ट्रेमधल्या चिमट्याकडे पाहत राहिले. त्या चिमट्याचं एक टोक वाकलेलं होतं. तेही मला अजून आठवतं.

पुढची तोंडी परीक्षा तिला जड गेली. उद्धट मुलगी, असं ठरून गेलं होतं. दोन मार्कांचा प्रश्न दोन मार्कांवर थांबला नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा त्यात शेवटचं नाव माझं होतं. तोपर्यंतच्या प्रत्येक परीक्षेत ती माझ्या वर होती. यादीत तिचं नाव नव्हतं. मी शिकले, मास्तरीण झाले, आणि गेली कित्येक वर्षं वर्गात उभी राहून मुलांना सांगते आहे की निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे. हे वाक्य म्हणताना माझी जीभ एकदाही अडखळलेली नाही, याची मला शिसारी येते.

तर यंदाही त्या सकाळी फौजदार आठव्याच क्रमांकाला मांडलेला होता. मी चहा बाजूला सारला आणि म्हणाले, "आठव्या क्रमांकाची कवटी उचला."

"मॅडम, उत्तरांचा कागद तयार आहे," तरुण सर म्हणाले. "मुलांनी स्वानच पाठ केलंय. आता आपण गूज म्हटलं तर सगळ्यांचे मार्क जातील."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकीच्या गोष्टी जुन्या झाल्या की त्यांच्या बाजूने अशी खरी कारणं उभी राहतात. आणि या सगळ्यात मुलांचा काय दोष? मी म्हटलं, मग स्पॉट म्हणून ती नकोच. तिन्ही कवट्या एका टेबलावर ठेवा, शेजारी फूटपट्टी ठेवा, पाट्या काढून टाका. प्रत्येकाने हातात घ्यायची, हवा तेवढा वेळ घ्यायचा आणि काय दिसतं ते लिहायचं. नाव काहीही लिहिलं तरी चालेल. दिलेलं कारण डोळ्यांनी पाहिलेलं असलं की दोन मार्क.

"पण वेळापत्रक, मॅडम..."

"ते मी बघते."

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या व्हरांड्यातली कुजबुज थांबली. मुलं आत आली. आधी बावरली. कवटी हातात घ्यायची त्यांना सवयच नव्हती. तीन वर्षांत ती त्यांनी फक्त काचेतून पाहिली होती. मग हळूहळू डोकी एकत्र झुकली. एका वेणीवाल्या मुलीने, तीच ती मऊ पेन्सिलीने चीर काढणारी, दोन कवट्या दोन हातांत घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या, उलट्या केल्या, परत सुलट्या केल्या.

"मॅम, एक विचारू?" ती म्हणाली. "हे दोन्ही सेमच वाटतायत. चोच बघा ना. याला फक्त हे टेंगूळ आहे एक्स्ट्रा. आणि स्वान एवढा छोटा असतो?"

"आणि ती चीर?"

तिने बोट फिरवलं. "ही तर लागल्यासारखी वाटते, मॅम. जखम झालेली असेल याला."

दहा मिनिटंही लागली नाहीत. एवढी वर्षं, एवढ्या तुकड्या, एवढे परीक्षक, एवढे आमच्यासारखे पगारी शहाणे, आणि कवटी नुसती हातात दिल्यावर एका मुलीला दहा मिनिटंही लागली नाहीत. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मला रडूही यायला लागलं, म्हणून मी खेकसले, "मग लिहा ना तसं!"

मी अहवाल लिहिला. चार ओळी लिहायच्या जागेत दोन पानं जोडली, ती कवटी कुणी सबमिशनला दिली होती तेही लिहिलं. कवटी परत मागायचं मी त्यात लिहिलंच नव्हतं, तरुण सरांनीच रजिस्टर उघडून विचार केला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "मॅडम, स्वानची नोंद रद्द केली की ही कवटी कागदावर कुठेच राहत नाही. गूज एकच आहे नोंदीत, ती दुसरी. आणि सबमिशन तर रिझल्टनंतर विद्यार्थ्याला परत करायचा नियमच आहे." मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ज्या रजिस्टराने तिला डांबून ठेवलं त्यानेच तिला सोडून दिलं. त्याने कवटी त्या घडी घातलेल्या रुमालात बांधून माझ्या हातात दिली.

रविवारी मी दिव्याला गेले. तळ्याच्या जागी आता सात मजल्यांची इमारत आहे. तिच्या फाटकावर सिमेंटचे दोन लांब मानेचे स्वान बसवलेत आणि फाटकासमोर पाण्याच्या टँकरपाशी बायका हंडे, ड्रम घेऊन रांगेत उभ्या होत्या. तळं बुजवायचं, त्यावर पाणपक्षी चितारायचे आणि पाणी टँकरने आणायचं, हे ज्याला सुचलं त्याच्याही परीक्षा कुणीतरी अशाच पास करून दिल्या असतील.

वैशाली त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विज्ञानाच्या शिकवण्या घेते. आम्ही बॅचच्या ग्रुपवर एकमेकींना वाढदिवसाला फुलं पाठवत होतो, त्यापलीकडे काही नाही. तिने दार उघडलं. केस पिकलेत, बाकी तीच. तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं मी रस्ताभर ठरवून आले होते, आणि तिच्या दारात उभी राहिल्यावर मला फक्त रुमाल पुढे करता आला.

तिने त्याची गाठ सोडली. मला आत घेऊन गेली. आतल्या खोलीत खाटेवर तिच्या आई होत्या. खूप थकल्यात, डोळ्यांनी अंधुक दिसतं. वैशालीने कवटी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी ती चाचपली, चोच, टेंगूळ, आणि मग त्यांचा अंगठा डाव्या खोबणीवर जाऊन थांबला.

"फौजदार," त्या म्हणाल्या.

ती चीर कशाची खूण होती हे जगात त्यांनीच एकदाचं बरोबर सांगितलं. त्या अंगठा फिरवत राहिल्या. मग मान माझ्या दिशेला वळवून म्हणाल्या, "नाव बराबर लिवलाव ना त्याचा?"

वैशाली त्यांच्या ओंजळीतली कवटी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, मीही तिच्यामागे गेले. तिने मुलांचं एक बाक ओढलं, कवटी त्यावर ठेवली, एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. टेबलावरची टपली मारून वाजवायची बेल जवळ घेतली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बस," ती म्हणाली. "एक मिनिट."

मी बसले. माझ्यासमोर फौजदार होता. मी लिहिलं, गूज, नर. कारणं लिहिली, चोच मुळाशी उंच, टेंगूळ हाडात, लांबी ओंजळीएवढी. खाली लिहिलं, डाव्या डोळ्यावरची चीर फाटकाच्या कडीची. मला माहीत होतं.

तिने कागद घेतला. शिक्षिका वाचतात तसा, पेनचं टोक ओळींवरून नेत वाचला. शेवटच्या ओळीवर ती जरा जास्त थांबली. मग कोपऱ्यात आकडा घातला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. दोनपैकी एक.

"एक कशाबद्दल कापलास?" मी विचारलं.

"उशीर," ती म्हणाली, आणि तिने बेल वाजवली.

बेल वाजली की पुढे सरकायचं असतं. मी तिथेच बसून राहिले.